आधी चुना, मग तुरटी

हापशीच्या मानेवर लाल फुली आहे,
सात वर्षांपूर्वीची.
मारली त्या साहेबाच्या काखेत बाटली होती.
हे पाणी पिऊ नका, म्हणाला,
अन् जीपमध्ये बसून गेला.
फुलीचा रंग उडाला. पाणी तेच राहिलं,
गोड, गार, काचेसारखं.
वाईट दिसलं असतं तर बरं झालं असतं.

पांढरकवड्याच्या बाजारात आम्ही हसलो
की समोरचा विचारतो,
"तुमी टेकडीखालचे का वो?"
माझ्या लग्नाच्या फोटोत
मी एकटीच तोंड मिटून आहे.
भावकीला वाटलं, पोरगी रुसली.

बापाचे गुडघे चाळिशीत आत वळले.
उभ्यानं बैल हाकायचा,
आता खाटेवरून मला हाकतो.
"पान्याले कायले नावं ठेवता?
माह्या बापानं हेच पेलं."
आजाही वाकूनच गेला,
हे मी बोलत नाही.

मी शाळेत खिचडी शिजवते.
तालुक्याहून मडावी मॅडम आल्या
दोन निळ्या बादल्या, लाकडी दांडा अन् तागडी घेऊन.
पिशवीतून काढलं काय, तर चुना
अन् तुरटी.
मला हसू आलं, पदराआड.
चुना बापाच्या डबीत असतोच,
तुरटी गुलाब नक्षिण्याच्या पेटीत,
दाढी झाली की गालावर फिरवतो ती.
इतकी वर्षं दोघं एकाच गावात राहिले,
एक तंबाखूपाशी, एक वस्तऱ्यापाशी,
अन् कुणी भेट घालून दिली नाही.

आधी चुना. मग तुरटी. तोलून.
मिठाचा हात इथं चालत नाही, मॅडम म्हणाल्या.
एक मिनिट जोरात ढवळायचं,
मग दहा मिनिटं हळू,
पाळण्याची दोरी ओढावी तसं.
मग पाण्यात पुंजके धरतात,
सरकी काढल्या कापसासारखे,
एकमेकांना बिलगून जड होतात, खाली जातात.
त्यानंतर तासभर बादलीला हात नाही.
ढवळायला माणसं मिळतात गावात.
थांबायला मिळत नाहीत.

आठवड्यात बोभाटा झाला,
"देवका पोट्ट्यायले दाढीचं पानी पाजते."
गुलाबच आला दुकान उघडं टाकून.
वरचं पाणी वाटीत घेतलं,
गालात इकडून तिकडे फिरवलं, गिळलं.
"माह्या तुरटीची चव मले मालूम हाय.
ह्यात थे नाही."
त्याच्या बाकावर सारं गाव बसतं,
म्हणून निभावलं.

श्रावणात तुरटी आलीच नाही. दीड महिना.
कागद कुठं अडला होता म्हणे.
गुलाबनं आपला खडा आणून दिला, मी परत केला.
कशाचा किती, हे ठाऊक नसता
पोरांना कसं पाजू?
बादल्या पालथ्या पडल्या, पोरं हापशीवर गेली.
ते पाणी आता कुणाच्या कोणत्या हाडात असेल,
खिचडी ढवळताना मनात येतं.

दिवाळीनंतर मी मॅडमला विचारलं,
दुसरीतल्या रंजूचे नवे दात आले,
तेही विटकरीच कसे?
दात हिरडीतच रंगतात, देवकाबाई,
बाहेर यायच्या कितीतरी आधी.
बराच वेळ मी दांडा धरून उभी राहिले.
म्हणजे आम्ही शाळेत पाजतो
ते हाडांसाठी. दातांसाठी उशीर झाला.

तेव्हापासून एक बादली जास्तीची करते.
ज्या घरात रांगतं पोर, त्या घरी कॅन.
चार घरं आहेत. पाचवी फुलमता,
तिचं अजून पोटात आहे.
गाळ नाल्यात टाकत नाही,
शाळेमागच्या खड्ड्यात, वर माती.

काल बापानं पेला पुढं केला.
"दे, पाहू तुह्यं ते धुतलेलं पानी."
प्यायला. तोंड वाकडं केलं.
"काईच लागत नाही," म्हणाला,
अन् पुन्हा पेला पुढं.

फुलमताचं बाळ होईल, त्याचे दुधाचे दात पडतील,
मग त्याला हसवायचं अन् पाहायचं.
बादलीला तास पुरतो.
ह्याला सहा-सात वर्षं.